बुटाला हील (टाच) ठोकण्याच्या मशीनवर एकच खिळा सारखा वाकत होता, त्याचा उपाय

लक्षण: मागच्या बाजूचा खिळा दर वेळी वाकायचा, टाच आणि सोलमध्ये फट राहायची. खिळे बदलले, दाब वाढवला. उलट प्लॅस्टिकच्या टाचा तडकू लागल्या. फार वैताग आला.

जागा तीच, म्हणजे दोष खिळ्यात नव्हता. आधी वीज आणि हवा बंद करून लाइनमधली उरलेली हवा सोडली. मग ड्रायव्हर पिना (खिळे आत ढकलणाऱ्या दांड्या) काढून सपाट काचेवर लोळवल्या. एक डुगडुगत होती, टोकही गोल झिजलेलं. तिच्या भोकात चामड्याचा भुगा आणि सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) घट्ट बसलं होतं. ते खरवडून साफ केलं. पिना सगळ्या नव्या, एकाच लांबीच्या घातल्या (एकच बदलली तर ती इतरांपेक्षा खोल ठोकते). दाब पूर्ववत केला, रद्दी टाचेवर चाचणी घेतली. खिळ्याचं डोकं इनसोलला (बुटाच्या आतल्या तळाला) समतल, फट गायब.