'डिस्कवर्ल्ड' वाचायला घेताय? मग आठव्या पुस्तकापासून घ्या

टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ची, शेवटची २०१५ची. ती लेखक गेल्यावर काही महिन्यांनी आली. थाळीसारखं सपाट जग चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशातून पोहत चाललेलं. एवढं कळलं की पूर्वतयारी झाली. नकाशे, शब्दसूच्या, पात्रांच्या याद्या यांच्या नादी लागू नका.

कुठून सुरुवात करू म्हणून विचारलंत की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, 'पहिल्यापासून वाच, लेखकाने काय उगाच त्या क्रमाने लिहिलंय?' दुसरी बाणाबाणांचा एक तक्ता पाठवून देतात. तो समजून घेण्यात अख्खा रविवार जातो आणि संध्याकाळी एकही पान वाचून झालेलं नसतं. दोघांनाही नमस्कार करा आणि पुढे चला.

पहिलं पुस्तक पहिलं वाचू नका

'द कलर ऑफ मॅजिक' वाईट नाही. पण ती त्याआधीच्या तलवारी-जादूच्या कादंबऱ्यांची टर आहे. त्या वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. चार गोष्टी एकाला एक जोडल्यासारखी तिची बांधणी आहे, आणि शेवटी नायकाला अक्षरशः जगाच्या कडेवरून लोटून पुस्तक संपतं. पुढचं 'द लाइट फँटॅस्टिक' घेतल्याशिवाय सुटका नाही. त्यातला मृत्यूही (हो, मृत्यू हे इथलं एक पात्र आहे) जरा खुनशीच वाटतो. हाच मृत्यू पुढे मांजरांवर जीव टाकतो, माणसांबद्दल कुतूहल बाळगतो आणि मालिकेतलं सगळ्यांत लाडकं पात्र होतो. लेखकाला स्वतःचा सूर सापडायच्या आधीची ही पुस्तकं आहेत. सूर आवडल्यावर ती वाचा, मग गोड लागतात.

धागा निवडा

ही ४१ पुस्तकं म्हणजे एक सलग गोष्ट नाही. एकाच जगात पाच-सहा धागे आहेत: शहराचे पहारेकरी, चेटकिणी, मृत्यू, जादूगार, टिफनी नावाची मुलगी, पोस्टखातं सांभाळायला लावलेला एक भामटा. माझं मत ठाम आहे: पहारेकऱ्यांपासून, म्हणजे 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' (१९८९, क्रमाने आठवं). छोटं हवं असेल तर 'मॉर्ट' (१९८७). मागचंपुढचं काहीच नको, एकच पुस्तक वाचून बघायचंय, तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). घरात वाचणारं पोर असेल तर 'द वी फ्री मेन' (२००३). बस.

दुसरं पुस्तक: इथे मी आपटले

सुरुवात कुठून करायची यावर सगळे बोलतात. खरी चूक होते ती त्यानंतर.

'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' संपवून मी हवेत होते. सुरुवातीलाच पावसात, गटारात, दारू पिऊन पडलेला पहाऱ्याचा कप्तान सॅम व्हाइम्स मला भलताच आवडला होता. मग मी जो प्रश्न विचारू नये तो विचारला: यातलं सगळ्यांत भारी पुस्तक कुठलं? बहुतेक जण एकच नाव घेतात, 'नाइट वॉच'. २००२चं, क्रमाने २९वं. वर एक आश्वासनही मिळालं, 'अगं, प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे, कुठलंही वाच.' घेतलं. तीन दिवसांत वाचलं. कथानक घट्ट होतं, कुठे कंटाळा आला नाही. पण परक्या घरच्या लग्नाला गेल्यासारखं झालं. सगळं उत्तम, फक्त लोकांचे डोळे का भरून येताहेत ते कळेना.

मधली पुस्तकं नंतर वाचली, तेव्हा काय हुकलं ते एकेक करून लक्षात येत गेलं.

बुटांचंच घ्या. 'मेन ॲट आर्म्स'मध्ये (१९९३) व्हाइम्सचा एक हिशेब आहे. त्याचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामड्याचे बूट ५० डॉलरला, ते दहा वर्षंही टिकतात. त्याला परवडतात ते १० डॉलरचे, एखाद-दोन हंगाम चालणारे. म्हणजे तेवढ्याच दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. श्रीमंत श्रीमंत का राहतात, याचं हे त्याचं उत्तर. आणि जाता जाता एक बारीक गोष्ट: तळवे इतके झिजलेले, की धुक्याच्या रात्री नुसत्या पायाखालच्या दगडांवरून आपण शहरात कुठे आहोत ते त्याला कळतं. मधल्या पुस्तकांत लग्न होतं, पैसा येतो, हुद्दा येतो, सरदारकी येते. आणि मग 'नाइट वॉच'मध्ये तो भूतकाळात फेकला जातो, स्वस्तातले बूट पुन्हा त्याच्या पायात येतात आणि पाय रस्ते ओळखू लागतात. पहिल्या वाचनात मी हे 'बुटांबद्दल काहीतरी' म्हणून ओलांडून गेले होते.

किंवा रेज शू. (थोडंसं फोडतेय, पण मुद्दा कळायला हवा.) पहाऱ्यातला हा शिपाई झोंबी आहे, मेलेल्यांच्या हक्कांसाठी भांडणारा, हास्यास्पद आणि चिवट. 'नाइट वॉच'च्या भूतकाळात तो जिवंत भेटतो, तरुण, क्रांतीने पेटलेला. त्याला आधीपासून ओळखणाऱ्याचा घास घशात अडकतो. मला मात्र तो एक बडबड्या पोरगा वाटला. सुरुवातीला काही जुनी माणसं लायलॅकचा, म्हणजे जांभळट फुलांचा, तुरा लावून फिरतात आणि त्यावर फारसं बोलत नाहीत, तेही मी वर्णनाची सजावट समजले.

पुढे पुन्हा वाचलं तेव्हा सगळं लागलं. पण कोण मरणार ते तोवर ठाऊक होतं. ते नुकसान भरून निघालं नाही, आणि 'कुठलंही वाच' म्हणणाऱ्यांवरचा माझा रागही अजून गेलेला नाही. कुठलंही पुस्तक एकटं वाचलं तर *समजतं*, हे खरं. समजणं आणि लागणं यात फरक आहे.

म्हणून नियम असा: धाग्याच्या आत क्रम मोडायचा नाही, धागे मात्र मनाला येईल तेव्हा बदलायचे. पहारेकऱ्यांचा क्रम: 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!', 'मेन ॲट आर्म्स', 'फीट ऑफ क्ले', 'जिंगो', 'द फिफ्थ एलिफंट', आणि मगच 'नाइट वॉच'. 'जिंगो' जरा ढिलं आहे, ते गाळायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. सरदारकी तिथेच मिळते, रेजही पहाऱ्यात तिथेच येतो. अधेमधे कंटाळा आला तर पुढे उडी मारू नका, बाजूला जा. 'फीट ऑफ क्ले'नंतर 'मॉर्ट' (वाचलं नसेल तर) आणि मग 'रीपर मॅन' (१९९१) घ्या. दोन्ही मृत्यूच्या धाग्यातली आहेत, पण रेज शू पहिल्यांदा भेटतो तो 'रीपर मॅन'मध्ये. धागा बदललात आणि गाठही पडली.

बाकी सगळं सोपं

तळटिपा वाचा, जिथल्या तिथे. निम्मी गंमत तिथेच असते. ई-पुस्तकात त्या बऱ्याचदा पार शेवटी जातात, तरी तिथल्या तिथे टिचकी मारून या, प्रकरण संपल्यावर बघू असं म्हणू नका. मुळात बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे 'एवढं प्रकरण संपवून झोपते' हा बेत विसरा.

अवतरणचिन्हांशिवाय सगळी कॅपिटल अक्षरं दिसली की मृत्यू बोलतोय.

इंग्रजी श्लेष कळला नाही तर सोडून द्या.

'गार्ड्‌स! गार्ड्‌स!'च्या सुरुवातीला एका गुप्त मंडळाच्या दारावर परवलीच्या लांबलचक वाक्यांची देवाणघेवाण चालते. तिथे हसू आलं तर पुढच्या सात पहारेकरी-पुस्तकांची निश्चिंती. ओठ हलला नाही, तरी शंभर पानं द्या. मग 'स्मॉल गॉड्स'ला एक संधी. तेही गळी उतरलं नाही तर ही मालिका तुमची नाही, वाईट वाटून घेऊ नका आणि भेट मिळालेला संच कुणाला तरी देऊन टाका.

शेवटचं 'द शेफर्ड्स क्राउन' हे टिफनीच्या धाग्यातलं पाचवं. आधीची चार वाचल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, कुणी कितीही म्हणो.