व्हर्च्युअल सर्व्हरवरील नेटवर्क बाँडिंग बिघडल्यास दोष कसा शोधावा

कोकण किनाऱ्यावरील पतसंस्था, रुग्णालये आणि मासळी प्रक्रिया कारखान्यांतही आता एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने घडवलेले संगणक) चालतात आणि त्या सर्वांची ये-जा दोन किंवा चार नेटवर्क कार्डे एकत्र करून तयार केलेल्या बाँडमधून होते. एक केबल तुटली तरी काम थांबू नये, यासाठी ही व्यवस्था असते. परंतु तीच बिघडली, तर बहुधा पूर्ण बंद न पडता अर्धवट चालू राहते. एका टेबलावरील संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडते, शेजारच्या टेबलावर उघडत नाही. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण रीस्टार्टमुळे त्रुटींचे आकडे शून्यावर येतात आणि दोष शोधण्याचा मागच पुसला जातो.

प्रथम आयलो, आयड्रॅक (सर्व्हरमध्येच असलेल्या दूरस्थ नियंत्रणाच्या सोयी) किंवा थेट जोडलेला मॉनिटर-कीबोर्ड यांपैकी एका मार्गाने सर्व्हरच्या कन्सोलवर प्रवेश मिळतो, याची खात्री करावी. ज्या बाँडमध्ये बदल करायचा, त्याच बाँडमधून दूरस्थपणे लॉगिन करून काम केल्यास एका चुकीच्या ओळीने संपर्क तुटतो.

त्यानंतर दोन्ही टोकांची, म्हणजे सर्व्हरची आणि त्याच्या केबली ज्यात जोडल्या आहेत त्या स्विचची, स्थिती वाचावी. अजून काहीही बदलू नये. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली) किंवा अन्य लिनक्स सर्व्हरवर /प्रॉक/नेट/बाँडिंग/ (/proc/net/bonding/) या फोल्डरमधील बाँडच्या नावाची फाइल उघडली की प्रत्येक कार्डाचा वेग, लिंक किती वेळा तुटली याचा आकडा आणि ॲग्रिगेटर क्रमांक, म्हणजे ते कार्ड ज्या गटात आहे त्याचा क्रमांक, दिसतो. एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच यांनी आपसांत संदेश पाठवून लिंकांचा गट जुळवण्याची पद्धत) वापरात असेल, तर सर्व कार्डांचा ॲग्रिगेटर क्रमांक एकच असला पाहिजे. ‘पार्टनर मॅक ॲड्रेस’ या ओळीत सगळी शून्ये दिसत असतील, तर स्विचकडून एलएसीपीचे संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि मग सर्व्हरच्या सेटिंगशी खेळत बसण्यापेक्षा स्विचकडे वळावे. तेथे पोर्ट-चॅनेलमधील (स्विचवर एकत्र बांधलेल्या पोर्टांच्या गटातील) प्रत्येक पोर्ट खरोखर सामील झाला आहे की निलंबित अवस्थेत आहे, हे तपासावे. दोन्ही बाजू ‘पॅसिव्ह’ असल्यास बोलणे कोणीच सुरू करत नाही, म्हणून किमान एक बाजू ‘ॲक्टिव्ह’ ठेवावी.

किनाऱ्यावर मात्र सेटिंगइतकीच शंका केबलवर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. खाऱ्या, दमट हवेत आरजे-४५ जोडणीच्या पिनांवरील सोन्याचा पातळ मुलामा झिजला की खालचा धातू गंजू लागतो आणि पिनांवर हिरवट थर दिसतो. गिगाबिट जोडणीला केबलमधील चारही जोड्या लागतात; एखादी जोडी नीट टेकत नसेल, तर लिंक बंद न होता पुष्कळदा १०० मेगाबिटवर उतरते. दिवा लुकलुकत राहतो, म्हणून सारे ठीक वाटते. पण एलएसीपीमध्ये एका गटातील सर्व लिंकांचा वेग समान असावा लागतो, त्यामुळे ते कार्ड वेगळ्या ॲग्रिगेटरमध्ये जाऊन निरुपयोगी ठरते. एथटूल या लिनक्स आज्ञेने वेग आणि सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची संख्या) पाहाव्यात. दहा मिनिटांनी पुन्हा पाहता त्रुटींचा आकडा वाढलेला असेल, तर पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) सरळ बदलावी. पोर्ट स्वच्छ करायचा झाल्यास यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पिना घासू नयेत.

भौतिक बाजू निर्दोष निघाली, तर दोन्ही टोकांची पद्धत जुळते का, हे पाहावे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या व्हर्च्युअल मशीन प्रणालीतील स्टँडर्ड स्विचला (सर्व्हरच्या आतील सॉफ्टवेअर स्विचला) एलएसीपी येत नाही. तेथे आयपी हॅश (आयपी पत्त्यांवरून लिंक ठरवण्याची पद्धत) निवडल्यास भौतिक स्विचवर स्थिर इथरचॅनेल (एलएसीपीविना बांधलेला पोर्टांचा गट) लागते, आणि एलएसीपी हवे असल्यास डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून आलेले स्विच एम्बेडेड टीमिंग (व्हर्च्युअल स्विचमध्येच कार्डे एकत्र करण्याची सोय) वापरत असल्यास स्विचवर पोर्ट-चॅनेल बांधूच नये. लिनक्समध्ये ॲक्टिव्ह-बॅकअप (एक कार्ड चालू, बाकीची राखीव) आणि स्विचवर स्थिर गट अशी विसंगत जोडी असेल, तर स्विच काही पॅकेट निष्क्रिय कार्डाकडे पाठवतो आणि ती वाया जातात. वर सांगितलेले ‘काहींना दिसते, काहींना नाही’ हे लक्षण अनेकदा येथूनच येते. स्विच साधा, व्यवस्थापनाची सोय नसलेला असेल किंवा केबली दोन स्वतंत्र स्विचमध्ये विभागलेल्या असतील, तर ॲक्टिव्ह-बॅकअपच निवडावा. लहान कार्यालयाला तो पुरेसा आहे.

वीज गेल्यानंतरच बिघाड सुरू झाला असेल, तर स्विचचे कॉन्फिगरेशन कायमस्वरूपी सेव्ह केले होते का, हा प्रश्न आधी विचारावा. पोर्ट-चॅनेल केवळ चालू स्मृतीत असेल, तर यूपीएस संपून स्विच बंद पडताच ते नाहीसे होते आणि स्विच जुन्या मांडणीसह उठतो. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते या वादळांनंतर किनाऱ्यावरील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तशा खंडानंतर यंत्रे पुन्हा सुरू करताना ही तपासणी सर्वांत आधी करावी.

बाँड जुळूनही एखादेच व्हर्च्युअल मशीन पोहोचत नसेल, तर त्याचे व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधील वेगळा आभासी विभाग) पोर्ट-चॅनेलवर मंजूर आहे का आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सर्व टप्प्यांवर सारखा आहे का, हे पाहावे.

शेवटी चाचणी घ्यावी. एका व्हर्च्युअल मशीनला सतत पिंग (उत्तर येते का ते पाहणारा संदेश) चालू ठेवून एक केबल काढावी, पिंग सावरल्यावर ती परत लावावी, मग दुसरी काढावी. वेग मोजताना हे ध्यानात ठेवावे की एलएसीपीमध्ये एक टीसीपी जोडणी एकाच लिंकवरून जाते. दोन गिगाबिट कार्डे असली तरी एका फाइलची प्रत दोन गिगाबिटने होणार नाही, आणि तो दोष नव्हे. अनेक जोडण्या एकाच वेळी चालवूनही सारा भार एकाच कार्डावर पडत असेल, तर हॅश धोरण (कोणती जोडणी कोणत्या लिंकवरून जाईल हे ठरवणारा नियम) ‘लेयर २’ (मॅक पत्त्यांवर आधारित) वरून ‘लेयर ३+४’ (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवर आधारित) करून पुन्हा मोजावे आणि स्विचवरील धोरणही वेगळे पाहावे, कारण सर्व्हरकडे येणाऱ्या पॅकेटांची विभागणी स्विच स्वतः ठरवतो.