स्वस्तात ओव्हरक्लॉकिंग करायचे आहे? प्रोसेसर आणि मदरबोर्ड निवडताना या चुका टाळा

मर्यादित पैशांत संगणक अद्ययावत करून त्यावर ओव्हरक्लॉकिंगही (प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवणे) करू पाहणारी मंडळी जवळजवळ नेहमी एकच प्रश्न विचारतात: अमुक प्रोसेसर किती गिगाहर्ट्झपर्यंत चढतो? मदरबोर्डचा विषय सर्वांत शेवटी निघतो, आणि तोही ‘उरलेल्या पैशांत कोणता बसेल’ एवढ्याच हिशेबाने. माझ्याकडे दुरुस्तीसाठी किंवा सल्ल्यासाठी येणाऱ्या बिघडलेल्या जोडण्यांपैकी बहुतेकांचे मूळ याच उलट्या क्रमात सापडते. म्हणून ज्या चुका वारंवार पाहून कंटाळा आला आहे, त्या येथे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

जुन्या काळातील फायद्याची अपेक्षा आज धरणे

१९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बसची (प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाची) गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की अनेकांकडे सरळ ४५० वर चालत असे. २०१४ सालच्या दोन कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-गाभा) पेंटियम जी३२५८ नेही गुणक (मूळ घड्याळाच्या गतीला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरची गती ठरते तो) खुला असल्यामुळे अशीच हौस भागवली. स्वस्तातला प्रोसेसर घेऊन त्यातून महागड्याचे काम करून घ्यायचे, ही कल्पना त्या काळातली आहे आणि त्या काळात ती खरीही होती, कारण निर्माता बरीच क्षमता वापराविना सोडून देत होता. आज ती क्षमता बूस्टच्या, म्हणजे आपोआप गती वाढवण्याच्या, रूपाने कारखान्यातच वापरली जाते. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० ची मूळ गती ३.५ गिगाहर्ट्झ असली तरी तापमान आणि वीज यांची मुभा असेल तर तो स्वतःहून ४.४ पर्यंत जातो. त्याच्यावर हाताने सर्व कोरना ठरावीक गती लादली, तर मिळणारा फायदा थोड्याच टक्क्यांचा असतो. वरच्या श्रेणीतील प्रोसेसरवर तर तोटाही होतो, कारण एकेका कोरला मिळणारी उंच बूस्ट आपण स्वतःच बंद करतो आणि मग खेळ पूर्वीपेक्षा हळू चालतात.

तेव्हा खरेदीच्या आधी बेरीज करावी. इंटेलच्या बाजूला गुणक बदलायचा तर ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिप) हे दोन्ही लागतात, शिवाय ‘के’ प्रोसेसरसोबत खोक्यात कूलर येत नाही, म्हणून तोही वेगळा घ्यावा लागतो. आय५ १२६००के, झेड६९० बोर्ड आणि बरा कूलर यांची बेरीज एका बाजूला मांडावी, आणि आय५ १२४००एफ व साधा बी६६० बोर्ड यांची दुसऱ्या बाजूला. मधला फरक ग्राफिक्स कार्डावर घातला तर खेळांत काय मिळते, याचा विचार केल्यावरही पहिलाच पर्याय हवा असेल, तर तो हौसेचा खर्च आहे असे मोकळेपणाने मान्य करावे. हौसेला माझी हरकत नाही. मात्र तिला बचत म्हणू नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे ‘के’ प्रोसेसर घेऊन तो ‘बी’ किंवा ‘एच’ चिपसेटवर बसवणे. एएमडीच्या बाजूला याच चुकीचे रूप म्हणजे ए३२०, ए५२० किंवा ए६२० बोर्ड घेणे. प्रोसेसर खुला असला तरी या चिपसेटवर त्याचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही. त्यासाठी बी४५०, बी५५० किंवा बी६५० च्या खाली उतरू नये.

चिपसेटचे नाव पाहून बोर्ड घेणे आणि व्हीआरएमकडे न पाहणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या खोक्याकडून) येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास आणण्याचे काम बोर्डवरील व्हीआरएम करतो. एएम४ वर (एएमडीच्या प्रोसेसरचे एक सॉकेट) १०५ वॉट टीडीपीचा (उष्णतेच्या हिशेबाने छापलेला आकडा) म्हणून विकला जाणारा रायझेन प्रत्यक्षात सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत घेऊ शकतो, आणि एवढ्या कमी व्होल्टेजला याचा अर्थ १०० अँपिअरच्या आसपासचा प्रवाह असा होतो. प्रवाह दीडपट झाला की रोधातून निघणारी उष्णता सव्वादोनपट होते. बी४५० हे नाव दोन बोर्डांवर सारखेच छापलेले असते, पण एकाच्या व्हीआरएमवर जाड हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) असते आणि दुसऱ्यावर मॉस्फेट (व्हीआरएममधील ट्रान्झिस्टर) उघडेच असतात. दोन्हींवर ओव्हरक्लॉकिंगचा पर्याय मात्र तितक्याच दिमाखात दिसतो.

अकोल्याला माझा मावसभाऊ लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन करतो. त्याने वापरलेला रायझेन ७ ३८००एक्स मिळवला आणि त्यासाठी मिळेल तो स्वस्त बी४५० बोर्ड घेतला, कारण विक्रेत्याने ‘यावर ओव्हरक्लॉकिंग होते’ एवढे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवणारी एएमडीची सोय) चालू करून हिवाळा बरा गेला. एप्रिलच्या शेवटी लग्नसराई आणि विदर्भातला उन्हाळा एकदम सुरू झाले, आणि रेंडर चालू असताना प्रोसेसरची गती अधूनमधून अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास कोसळू लागली. काही सेकंदांनी ती पुन्हा वर यायची आणि पुन्हा कोसळायची. त्याने थर्मल पेस्ट बदलली, विंडोज नव्याने टाकले. मग गावातल्या तंत्रज्ञाने लिक्विड कूलरचा सल्ला दिला आणि त्याने तोही बसवून घेतला.

आता प्रोसेसरचे तापमान साठीत आले आणि रेंडर आणखी मंदावले. त्याने फोनवर हे सांगितले तेव्हाच निदान झाले. प्रोसेसरसोबत आलेला मूळ कूलर हवा खाली, बोर्डच्या दिशेने फेकत होता आणि त्या झोतात सॉकेटभोवतीचा उघडा व्हीआरएमही थोडाफार थंड होत होता. लिक्विड कूलरने प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेली आणि व्हीआरएमवरचा तो वाराही काढून घेतला. त्याला एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडायला सांगितले, तेव्हा व्हीआरएमच्या रकान्यात ११० अंशांच्या पुढचा आकडा होता. प्रोसेसरमध्ये काहीच बिघाड नव्हता. बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा गळा आवळत होता.

तात्पुरता उपाय म्हणून १२० मिलिमीटरचा एक पंखा केबल टायने बांधून त्याचा रोख व्हीआरएमकडे केला, पीबीओ बंद केले आणि बायोसमध्ये (बोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) पीपीटीची (प्रोसेसरने सॉकेटमधून घ्यायच्या विजेची) मर्यादा ८८ वॉटवर आणली. रेंडरचा वेळ मूळ उत्तम वेळेपेक्षा किंचित वाढला, पण गती कोसळणे थांबले. पुढे त्याने हीटसिंक असलेला बी५५० बोर्ड घेतला. पेस्ट, कूलर आणि पहिला बोर्ड यांवर झालेला खर्च मिळवला तर तो बोर्ड सुरुवातीलाच घेणे स्वस्त पडले असते, हे मी त्याला सांगितले नाही, कारण त्याने ते स्वतःच मोजले होते.

यातून माझी सवय अशी झाली आहे की मी आधी बोर्ड ठरवतो आणि मग त्या बोर्डला झेपेल असा प्रोसेसर. हीटसिंक स्क्रूने घट्ट बसवलेली आहे का, हे पाहतो. खोक्यावर छापलेल्या फेजच्या (व्हीआरएममधील टप्प्यांच्या) संख्येवर विश्वास ठेवत नाही, कारण ती संख्या दुप्पट करून दाखवण्याचे मार्ग निर्मात्यांना ठाऊक असतात. प्रत्येक टप्पा किती अँपिअरचा आहे हे समीक्षेत शोधतो. अनेक स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचे तापमान दाखवणारा सेन्सरच नसतो, अशा वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. (करोनाकाळात घरोघरी आलेले कपाळावर धरायचे यंत्र यासाठी चालत नाही, त्याची मोजणी शरीराच्या तापमानापुरतीच असते.) आणखी एक गोष्ट म्हणजे परदेशातील समीक्षक वीस-बावीस अंशांच्या खोलीत चाचणी घेतात. आपल्याकडे मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत त्यांच्या आकड्यांत पंधरा ते वीस अंश मिळवून मगच निर्णय घ्यावा.

नवा प्रोसेसर बसवल्यावर बायोसची आठवण होणे

बी४५० बोर्डवर रायझेन ५००० मालिका चालते, पण त्यासाठी योग्य बायोस आधी असावा लागतो. लोक जुना प्रोसेसर काढून विकून टाकतात, नवा बसवतात आणि मग ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून नव्या प्रोसेसरला दोष देतात. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करावा, किंवा प्रोसेसरविना बायोस भरण्याची फ्लॅशबॅकची सोय असलेला बोर्ड घ्यावा. मी स्वतः ही सोय नसलेला बोर्ड कोणालाही सुचवत नाही. बायोस भरताना यूपीएस असावा, आणि ज्या गावात आठवड्याच्या वीजबंदीचा वार ठरलेला आहे, तेथे त्या वारी हे काम काढू नये. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि तेव्हा ती त्याच बंद डिस्कवर असून उपयोग नसतो.

सुसंगतता दोन्ही दिशांनी तपासावी. बी५५० नवा आहे म्हणून त्यावर सगळे जुने प्रोसेसर चालतात असे नाही. रायझेन १००० आणि २००० मालिकांना, तसेच ३२००जी व ३४००जी यांना त्यावर अधिकृत आधार नाही.

बायोस अद्ययावत ठेवण्याची आणखी दोन गंभीर कारणे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एएम५ (एएम४ नंतरचे सॉकेट) वरील काही रायझेन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या आणि त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीचा बायोस असलेल्या बोर्डवर एक्स्पो (रॅमची तयार जलद सेटिंग) चालू करू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अस्थिरतेवर ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतील सूचनांच्या) सुधारणा आल्या, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही. या पिढ्यांतील ‘के’ प्रोसेसर वापरलेला मिळत असेल, तर वॉरंटीची खात्री पटल्याशिवाय मी तो घेणार नाही.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नेहमीच्या चुका

रॅमची एकच पट्टी घेऊन प्रोसेसरची गती वाढवत बसू नये. दोन पट्ट्या घ्याव्यात आणि बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच बसवाव्यात.

३६०० ची रॅम घेऊन एक्सएमपी (रॅम तिच्या छापील गतीने चालवणारी सेटिंग) चालूच न करणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

रायझेन ५००० वर ३६०० च्या पुढची महाग रॅम घेऊ नये, कारण इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा अंतर्गत दुवा) त्या प्रमाणात चढेल याची खात्री नसते.

५५०० आणि ५६०० यांच्या किमतींतला थोडा फरक पाहून ५५०० घेऊ नये. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद स्मृती) निम्मी असते आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडणारा मार्ग) तिसऱ्या पिढीचे असते.

५८००एक्स३डी चा गुणक बंद आहे हे माहीत करूनच तो घ्यावा. खेळांसाठी मात्र एएम४ वर तो कोणत्याही ओव्हरक्लॉकपेक्षा सरस ठरतो.

एएम४ वर कूलर सरळ वर ओढू नये. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी आणि कूलर हलका फिरवत सोडवावा, नाहीतर प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात.

ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि एएमडीच्या लेखी पीबीओदेखील ओव्हरक्लॉकिंगच आहे.

दहा मिनिटांच्या चाचणीवर समाधान मानणे

उतावळ्या नवशिक्यांविषयी माझी तक्रार येथे सर्वाधिक आहे. कोणाच्या तरी व्हिडिओतील व्होल्टेज, गुणक, रॅमचे टायमिंग आणि कर्व्ह ऑप्टिमायझरचा (प्रत्येक कोरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगचा) आकडा एकाच बैठकीत बायोसमध्ये भरायचे, सिनेबेंचची (प्रोसेसरची गती मोजणाऱ्या चाचणीची) एक फेरी पूर्ण झाली की पडद्याचे चित्र मित्रांना पाठवायचे, आणि पुढच्या आठवड्यात ‘काहीच करत नसताना संगणक आपोआप रीस्टार्ट होतो’ अशी तक्रार करायची. त्या व्हिडिओतील प्रोसेसर आणि आपला प्रोसेसर एकाच नावाचे असले तरी सिलिकॉन वेगळे असते, त्यामुळे तिथला आकडा फार तर दिशा दाखवतो.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे ३० भरल्यावर सर्व कोरवरचा जड भार सहज पार पडू शकतो आणि तरीही संगणक अस्थिर असू शकतो, कारण त्रास तेव्हा होतो जेव्हा एकच कोर हलक्या भाराखाली सर्वांत उंच गतीला जातो आणि तेथे व्होल्टेज अपुरे पडते. म्हणून एकेक कोर स्वतंत्रपणे तपासणारे कोअरसायकलर वापरावे, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी पाहाव्यात. तेथे कोणत्या कोरने चूक केली हे बहुधा कळते, आणि मग त्या एका कोरचा आकडा सौम्य केला तरी पुरते.

माझा क्रम ठरलेला आहे आणि तो कंटाळवाणा आहे. प्रथम प्रोसेसर मूळ स्थितीत ठेवून फक्त रॅमचे प्रोफाइल (एक्सएमपी किंवा एक्स्पो) चालू करायचे आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारे सॉफ्टवेअर) लावायचा. त्यात एकही चूक दिसली तर प्रोसेसरला हात लावायचा नाही. रॅमची गती एक पायरी उतरवून पुन्हा तपासायची. त्यानंतर पीबीओ, मग कर्व्ह ऑप्टिमायझर, आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत. हे बदल मोबाइलमध्ये लिहिले तरी चालतील, पण त्याच संगणकावर लिहू नयेत, कारण ज्या दिवशी सीमॉस क्लिअर करावा (बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसाव्या) लागतो, नेमक्या त्याच दिवशी ती फाइल उघडता येत नाही. एवढा धीर ज्यांच्याकडे नाही, त्यांनी रॅमचे प्रोफाइल तेवढे चालू करावे, त्याची एका रात्रीची चाचणी घ्यावी आणि बाकी सगळे मूळ स्थितीत राहू द्यावे. पाच टक्के गती हातची गेली तरी रेंडर मध्येच तुटणार नाही.