जुन्या म्युझियमला नवीन एक्सटेन्शन जोडायचंय? आधी हे बघा

ड्रॉइंग नंतर काढा. आधी चार दिवस जुन्या इमारतीभोवती नुसतं फिरा, सकाळी, भर दुपारी, दिवे लागल्यावर, लोक कुठून येतात, कुठे थांबून वर बघतात ते बघा आणि तो भाग झाकायचा नाही एवढं पक्कं करून टाका. अमेरिकेत कॅन्सस सिटीला नेल्सन-अ‍ॅटकिन्स म्युझियम आहे, 1933 ची दगडी इमारत. एक्सटेन्शनच्या स्पर्धेत बाकीचे आर्किटेक्ट दर्शनी भागासमोर बांधायला निघाले होते, स्टीव्हन हॉलने मात्र पूर्वेच्या बाजूला बागेच्या उतारात बहुतेक गॅलऱ्या जमिनीत घातल्या आणि वर फक्त पाच काचेचे ठोकळे ठेवले. 2007 ला उघडलं. दिवसा त्यातून मऊ उजेड खाली उतरतो, रात्री तेच ठोकळे आकाशकंदिलासारखे उजळतात, मला तर यापेक्षा सुंदर एक्सटेन्शन माहीत नाही. (आपल्या भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियमसाठीही 2014 मध्ये हॉलचंच डिझाइन निवडलं होतं.)

बाजूला जागाच नसेल तर खाली जा. जर्मनीत फ्रँकफर्टच्या श्टेडेल म्युझियमने 2012 मध्ये बागेखाली दालन केलं, हिरवळीत 195 गोल काचा आहेत, त्यातून उजेड येतो.

आता जोड. नवीन भाग जुन्याला घट्ट चिकटवू नका. जुनी इमारत जमिनीत बसायची तेवढी बसलेली असते, नवीन आता बसणार, म्हणून पाया वेगळा आणि मध्ये जॉइंट, म्हणजे थोडी फट, हवाच, नाहीतर जुन्या भिंतीला तडे जाणार. पण जॉइंट म्हणजे पाणी शिरायची जागा, तिथल्या वॉटरप्रूफिंगमध्ये पैसे वाचवू नका प्लीज. पायासाठी पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) ठोकू नका, बोअर करून घ्या, हादरे कमी बसतात. फ्लोअर लेव्हलही जुळवा, चित्रांची ट्रॉली पायरी चढत नाही.

उजेड मोजून घ्या, वॉटरकलर आणि कापडाला साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), ऑइल पेंटिंगला 200, आणि काचेला यूव्ही फिल्टर.

सगळ्यात मोठं चित्र पेटीसकट केवढं होईल ते मोजून मालाची लिफ्ट आणि दारं ठरवा, लिफ्टचा खड्डा नंतर मोठा करणं फार महागात पडतं.

आणि बांधून झालं की लगेच चित्रं लावायची घाई नको, नवीन काँक्रीट कित्येक महिने ओल सोडतं. मुंबईसारख्या हवेत तर एक अख्खा पावसाळा रिकाम्या गॅलरीत एसी चालवा, रोज ह्युमिडिटी लिहून ठेवा, आकडा 50 टक्क्यांच्या आसपास टिकला की मगच पहिला खिळा ठोका.