जुन्या बटणाचा काळ ठरवताना या चुका टाळा

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवला की नाण्यांपेक्षा बटणंच जास्त निघतात. त्यांचा काळ चुकतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पुढची नक्षी पाहून निकाल दिला जातो, मागची बाजू बघितलीच जात नाही.

त्याआधीची चूक म्हणजे घासणं. लिंबू, व्हिनेगर, पितळ चमकवायची पॉलिश यांतलं काहीही लावू नका. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो मातीबरोबर निघून जातो आणि खाली नुसतं तांबूस पितळ उरतं. माती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ करा, लाकडी टूथपिकने काढा आणि सावलीत वाळवा. करडं, भुगा होणारं बटण कथील-शिशाचं असतं, त्याला टूथपिकसुद्धा नको.

आता बटण उलटं करा. सपाट, पांढुरकी चकती, कडीच्या (दोरा ओवायच्या मागच्या फाशाच्या) बुडाशी धातूचा उंचवटा आणि पाठीवर लेथची वर्तुळं असतील, तर ते टोंबॅक या तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचं, म्हणजे 18व्या शतकातलं. सपाट, मुलामा दिलेली चकती आणि डाग देऊन जोडलेली तारेची कडी असेल तर साधारण 18व्या शतकाच्या अखेरीपासून 1830च्या आसपासचं. अशा बटणामागे ‘ट्रेबल गिल्ट’ किंवा ‘स्टँडर्ड कलर’ लिहिलेलं असतं. ते कारागिराचं नाव नाही, मालाचा दर्जा आहे. इंग्लंडमध्ये बटणांच्या मुलाम्याबाबत 1796 मध्ये कायदाच झाला होता. पुढचा पत्रा कडेने मागे दुमडून बसवलेलं, आतून पोकळ बटण 1810च्या दशकाआधी लावू नका. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर 1855च्या आधीचा विचारच सोडा.

खरा गोंधळ फौजी बटणांवरच्या राजमुकुटात होतो. गोल, घुमटासारख्या कमानींचा ट्यूडर मुकुट 1901 ते 1952चा, हे बऱ्याच जणांना पाठ असतं. पण चार्ल्स तिसऱ्याने 2022 मध्ये तोच पुन्हा निवडला, त्यामुळे चकचकीत ट्यूडर मुकुट आता कालचाही असू शकतो. उलट, मध्यभागी दबलेल्या कमानी व्हिक्टोरिया राणीच्या बटणांवर दिसतात आणि 1952 नंतर एलिझाबेथ दुसरीने वापरलेल्या सेंट एडवर्ड मुकुटातही. इथे हातात घेऊन वजन बघा. पिसासारखं हलकं, सोनेरी रंग अजून ताजा, म्हणजे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम. ते 1950च्या दशकापासूनचं.

पलटणीच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर क्रमांक घालायचा हुकूम 1767चा. साध्या शिपायांच्या बटणांवरून क्रमांक 1871 मध्ये गेला आणि राजचिन्ह आलं. अधिकाऱ्यांकडे तो 1881 पर्यंत टिकला. पण ‘103’ दिसलं तर? ती कंपनी सरकारच्या गोऱ्या फौजेतून ब्रिटिश सैन्यात आलेली 103वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स असू शकते, जी 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये विलीन झाली. किंवा 1903 ते 1922 मधली 103वी मराठा लाइट इन्फंट्री, आजच्या मराठा रेजिमेंटची पूर्वज. दोघांत वीस-बावीस वर्षांची फट आहे, म्हणून मुकुट आणि पाठीवरचा शिक्का जुळवल्याशिवाय नाव देऊ नका. (असं बटण भारतात जमिनीत सापडलं, तर ते खिशात टाकण्याआधी 1878चा निखात निधी कायदा वाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो.)

राहिली जागा. फौजी बटण निघालं म्हणून तिथे छावणी होती असं नाही. इंग्लंडमधल्या केंटसारख्या भागात हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या वेलीच्या) मळ्यांत लोकरीच्या चिंध्या खत म्हणून टाकत. त्यात जुने गणवेशही असत आणि कापड कुजलं तरी बटणं राहिली. एकाच शेतात चार-पाच पलटणींची बटणं विखुरलेली सापडली, तर आधी खताचा संशय घ्या. एकाच पलटणीची, एकाच काळाची, थोड्या जागेत दाटीने सापडली, तर प्रत्येकाची जागा जीपीएसवर नोंदवून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या योजनेच्या, स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा.