निरगुडीच्या फोकांची तयारी

टोपली विणायला, भाजीला आधार द्यायला किंवा कुंपणाला निरगुडीचे फोक, म्हणजे सरळ लवचिक काड्या, लागतात. पण फोक हवेत त्याच वर्षी निरगुडीकडे जाऊन फारसं हाती लागत नाही. तयारी आदल्या वर्षीपासून धरायची. बांधावरचं एखादं झुडूप हेरून ठेवा आणि पावसाच्या तोंडावर ते जमिनीपासून वीतभर राखून छाटा. बुडख्यातून फुटणारे धुमारे सरळसोट वाढतात, त्यांना फांद्या कमी येतात. वर्षानुवर्षं न छाटलेल्या झुडपाचं लाकूड गाठाळ असतं. ते जळणाला बरं, विणायला नाही. झुडूप दुसऱ्याच्या बांधावर असेल तर आधी विचारा. ओढ्याकाठचं असेल तर बुडखा मुळीच उपटू नका, काठाची माती त्या मुळांनीच धरलेली असते. तिथेच वाळुंज दिसली तर तिचेही फोक घ्या. वाळुंज म्हणजे आपल्या मातीतली विलो.

कापणी दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत. तोवर फोक जून झालेले असतात. कोवळे कापले तर सुकताना सुरकुततात. विळ्याला धार हवी, घाव एकच आणि तिरका. चार-पाच चांगले फोक झुडपावरच राहू द्या, त्यांचं काम पुढे आहे. निवड जागेवरच करा, घरी आणून नाही. करंगळीएवढे जाड वेगळे, ते टोपलीच्या उभ्या काड्यांना, त्याहून बारीक आणि लांब आडव्या विणीला, अंगठ्याएवढे परसबागेला. बुडखे एका बाजूला ठेवून सुतळीने मोळ्या बांधा. पाला ओरबाडून पोत्यात भरा, टाकू नका. वाळवलेला पाला धान्यात घालायची जुनी रीत आहे, कीड लांब राहते. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचं कीडनाशक, करत असाल तर 200 लिटरच्या पिंपाला 2 किलो ओला पाला लागतोच.

आता खरी कसोटी. शाळेत मास्तर याच झुडपाची छडी का मागवत, ते फोक वाकवला की कळतं: तो वाकतो, पण मोडत नाही. निरगुडीचं शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो. त्यातला पहिला शब्द लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदाशी जोडला जातो. म्हणजे हा गुण फार पूर्वीच ओळखला गेला होता. तरीही कापल्या कापल्या विणायला बसू नका. पहिल्या वर्षी मी हिरवेगार फोक विणले आणि महिनाभरात टोपलीची वीण बोट जाईल इतकी सैल पडली, कारण ओलं लाकूड वाळताना आकसतं. मोळी सावलीत चार-पाच दिवस उभी ठेवा, साल किंचित मलूल होऊ द्या. मग एक फोक मनगटाभोवती गुंडाळून बघा. तडकला तर जास्त वाळला; पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा आणि पुन्हा लवचिक झाला की काढा. विणताना उरलेल्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या असाव्यात.

बसण्याआधी उभ्या काड्या मोजा. एकाच आडव्या काडीने गोल गोल विणायचं तर संख्या विषमच हवी. सम असली तर दुसऱ्या फेरीतही काडी त्याच काड्यांच्या आतून आणि त्याच काड्यांच्या बाहेरून जाते, वीण बसतच नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी ओळी खाली ठोकून घट्ट करा. जवळ आरी ठेवा, कडेला टोकं खोचायला लागते. कणगी, म्हणजे धान्य साठवायची मोठी विणलेली टोपली, करायची असेल तर लिंपायला शेण आणि माती आधी कालवून ठेवा. फोक कमी पडले तर तुराट्या चालतात, पण त्या लवकर पिचतात. आडव्या विणीत त्यांच्यावर भार टाकू नका.

अंगठ्याएवढे फोक घेवड्याला, कारल्याला आधार म्हणून रोवायचे असतील तर आधी पूर्ण वाळवा. ओले रोवले आणि पाऊस लागला की ते मूळ धरतात, मग वाफ्यात भाजीच्या जागी निरगुडीच.

कुंपणासाठी मात्र नेमकं हेच हवं असतं. झुडपावर राखलेले फोक आषाढात कापा, वीतभर लांबीचे तुकडे करा. खालचं टोक तिरकं आणि वरचं सपाट ठेवा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन तृतीयांश जमिनीत, दोन काड्यांमध्ये फूटभर अंतर. शेळ्या सहसा या पाल्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण बसवायला नको. पावसाने आठवडाभर दडी मारली तर तेवढं पाणी द्या.