ऑनर्सचा प्रबंध: मार्गदर्शक कसा मिळवावा, विषय कसा आवरावा

ऑनर्स अभ्यासक्रमात विद्यार्थी अडखळतात ते बहुधा प्रबंधापाशी. वर्गातल्या अभ्यासाला आठवड्याआड तारखा असतात. प्रबंधाला शेवटची एकच तारीख असते आणि ती लांब वाटते.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सत्रातच मार्गदर्शक शोधायला लागा. ज्यांच्याकडे शिकलात त्यांचे दोन-तीन शोधलेख वाचा, मग १५० शब्दांच्या आत ईमेल लिहा: कोणता प्रश्न पडलाय, काय वाचलंय, भेटीसाठी २० मिनिटं मिळतील का. ‘तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करायचंय’ एवढ्यावर उत्तर येणं कठीण. त्यात समोरच्याला विचार करण्याजोगं काहीच नसतं.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा. ‘समाजमाध्यमं आणि तरुणाई’ हा नुसता विषय झाला. ‘पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अभ्यासगटात शंका कधी विचारतात’ हे मोजता येतं. मुलाखती किंवा सर्वेक्षण असेल, तर नैतिकता समितीची (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी आधी घ्या. तिला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि त्याआधी गोळा केलेली माहिती सहसा वापरता येत नाही. रखडण्याचं हे फार मोठं कारण आहे.

लेखन प्रस्तावनेपासून सुरू करू नका. आधी कार्यपद्धती, मग निष्कर्ष, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. दर पंधरवड्याला मार्गदर्शकांना दोन पानं द्या, कच्ची असली तरी चालतील. पूर्ण मसुदा मात्र ६ आठवडे आधी हवा: २ त्यांच्या वाचनाला, ३ दुरुस्त्यांना, आणि उरलेला एक संदर्भसूची तपासण्यातच जातो.